टेप गळ्यात, मग चहा

मला शंभरपैकी शहाण्णव मार्क पडले आणि त्या मार्कांनी एका माणसाचं जेवण तोडलं. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये, असं म्हणणार होते. खोटं कशाला बोलू? दोष द्यायलाच सांगतेय. त्यातला अर्धा माझाही आहे, तोही घेते पदरात.

मी म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या एका निवासात काम करते. दुसरा मजला, अठरा खोल्या, आणि दिवसपाळीला आम्ही दोघी, मी आणि धाकटी. ती माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान, म्हणून सगळेच तिला धाकटी म्हणतात. मी सगळ्यांची ताई. पाठीमागे तिखट ताई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. उठवायचं, धुवायचं, भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, पुन्हा धुवायचं. एकोणीस वर्षं झाली मला.

दोन महिन्यांपूर्वी वरून फर्मान आलं, ऑनलाइन ट्रेनिंग. नाव काय, तर 'व्यक्तिकेंद्रित आधार'. बारा धडे, प्रत्येक धड्यामागे परीक्षा, सगळं एका टॅबलेटवर. कधी करायचं? "ड्यूटीतल्या मोकळ्या वेळात," मॅनेजर मॅडम म्हणाल्या. धाकटीला हसू आवरेना, तिने खोकल्याचं सोंग केलं. अठरा माणसं, दोन बायका, आणि म्हणे मोकळा वेळ!

त्यात त्या टॅबलेटचा ताठा निराळाच. तीन मिनिटं हात लावला नाही की धडा परत पहिल्यापासून. तिसरा धडा होता 'मन लावून ऐकणं'. तो मी चार वेळा पहिल्यापासून ऐकला, कारण दर वेळी सहा नंबरच्या आजी घंटी वाजवायच्या आणि मी उठून जायचे. पाचव्या वेळी मी उठले नाही. आजींचा बिछाना ओला झाला आणि मला मन लावून ऐकण्यात दहापैकी दहा मिळाले. त्या दिवशी मला स्वतःचीच इतकी चीड आली की घरी जाऊन लेकीवर विनाकारण खेकसले.

शिकवणाऱ्या बाई पडद्यावर यायच्या. मागे पांढरी भिंत, एक कुंडी, आणि आवाज असा की वाटीभर साखर खाऊन बसल्यात. आम्ही त्यांना गोडबाई म्हणायचो. धडा संपला की दर वेळी म्हणायच्या, "आता स्वतःला शाबासकी द्या!" की धाकटी माझ्या पाठीत धपाटा घालायची. "घ्या ताई, शाबासकी."

पण सातवा धडा मला आवडला. आवडला म्हणजे काय, मी फसलेच त्याला. गोडबाई म्हणाल्या, तुमच्या देखभालीतल्या एका माणसाबद्दल एक पान लिहा. त्याचं दुखणं नको, गोळ्या नकोत. त्याला काय महत्त्वाचं वाटतं, तो हो-नाही कसं सांगतो, त्याचा दिवस कशाने सुरू होतो, ते लिहा. जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लिहा. अहो, एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय माहीत आहे. मला भरूनच आलं. घरी जेवणाच्या टेबलावर बसले, लेकीला म्हटलं टीव्ही बंद कर, अकरा नंबरच्या काकांचं पान लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते टॅबलेटवर चढवलं.

ते पान मला तोंडपाठ आहे. असं होतं:

"काका शिंपी आहेत. होते नाही, आहेत. उजवी बाजू लुळी पडली आहे, वाचा गेली आहे, डाव्या हाताने बोलतात. समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून खाली ओढलं म्हणजे हो. धरून लांब ढकललं म्हणजे नाही. सकाळी तोंड धुतलं की पहिल्यांदा टेप गळ्यात, मग चहा. झोपताना स्वतः काढून देतात, तो उशाजवळच्या खिळ्याला लावायचा. टेप गळ्यात नसेल तर काकांच्या दृष्टीने दुकान बंद. दुकान बंद असताना ते खात नाहीत, पीत नाहीत, कुणाकडे बघत नाहीत. पहिल्या वर्षी आम्हाला हे कळलं नव्हतं. तेव्हा त्यांचं नऊ किलो वजन उतरलं होतं."

खाली मी एक गंमतही लिहिली होती. कंपनीने आम्हाला नवे गणवेश दिले तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं, डाव्या हाताने माझ्या खांद्यावर टेप लावला, आकडा बघितला, आणि असं तोंड केलं की जणू मी कुणाचं तरी चोरून घालून आलेय. खरंच होतं त्यांचं. दोन्ही खांदे दंडावर उतरले होते.

शहाण्णव मार्क. चार कशाचे कापले कोण जाणे. गोडबाईंनी शेरा दिला, "मन हेलावून गेलं!" धाकटीने ते सगळ्या मजल्याला वाचून दाखवलं. मी वर वर "पुरे गं" म्हणत होते, आतून फुगले होते.

बुधवारी माझी सुट्टी होती. गुरुवारी सकाळी अकरा नंबरमध्ये गेले, काकांचं तोंड धुतलं, हात खिळ्याकडे गेला. खिळाही नव्हता. भिंतीत भोक होतं, त्यात पांढरं काहीतरी भरलं होतं. काका छताकडे बघत पडले होते. मांडीवर निळा स्पंजचा चेंडू.

"मॅडमनी काल नेला, ताई," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं थांबा, ताईंना येऊ दे. तर म्हणाल्या, ताईंनीच लिहून दिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच खाली गेले.

मॅडम वाईट बाई नाहीत, हेही सांगून टाकते. भेदरलेल्या आहेत. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. माझं पान होतं आणि त्यात एकाच ओळीवर लाल पट्टा. 'टेप गळ्यात.'

"सिस्टिमने पकडलंय ताई. गळ्याभोवती वस्तू, उच्च धोका. चोवीस तासांत काढल्याची नोंद करावी लागते मला. गेल्या वर्षी दुसऱ्या शाखेत एका बाईंचा स्कार्फ व्हीलचेअरच्या चाकात गेला, विसरलात? तिथली मॅनेजर अजून चौकशीला जातेय."

"त्याच्या खालची ओळ वाचलीत का?"

"कुठली?"

"टेप नसेल तर खात नाहीत. नऊ किलो वजन. तीन ओळी खाली आहे मॅडम, तीन!"

त्यांनी वाचली. मी बघत होते, डोळे ओळीवरून गेले. मग म्हणाल्या, "त्याला सिस्टिमने लाल केलेलं नाहीये."

मी जीभ चावली, नाहीतर त्याच दिवशी माझा पगार तिथेच संपला असता. "बदली म्हणून चेंडू दिलाय ना," त्या म्हणाल्या. "हाताला व्यायाम होतो त्याने." चेंडू! ज्या माणसाने जन्मभर लोकांचे खांदे मोजले त्याच्या हातात चेंडू!

काकांनी तोंड मिटलं ते मिटलंच. गुरुवारी चहा नाही, सूप नाही, भात नाही. कसेबसे दोन-चार चमचे पाणी, तेही गोळीपुरतं. शुक्रवारी मी बाजारातून नवा कोरा टेप आणला. म्हटलं, करते नियम मोडायचं पाप, बघून घेऊ. काकांनी तो चिमटीत धरला, अंगठ्याने चोळला आणि माझी बाही धरून ढकलली. नाही. त्यांचा टेप वापरून मऊ झालेला, आकड्यांवरचा रंग अर्धा उडालेला. हे प्लॅस्टिक त्यांना कशाला हवंय?

शनिवारी डॉक्टर आले. पोट दाबलं, जीभ बघितली, तक्त्यावर 'नकार, नकार, नकार' असं आमच्याच अक्षरात लिहिलेलं वाचलं. म्हणाले, "सोमवारी दुपारी येतो. तोवर काही गेलं नाही पोटात, तर हॉस्पिटलला हलवू, नाकातून नळी." आमच्या मजल्यावरून नळीसाठी गेलेली चार माणसं मी पाहिली आहेत. नळी काढतील म्हणून दोन्ही हात बांधून ठेवतात. चौघांपैकी एकही परत आलं नाही. काकांचा तर एकच हात चालतो, आणि तीच त्यांची जीभ. तो बांधला की संपलंच.

मी पुन्हा खाली गेले. या वेळी जीभ नाही चावली. टेबलावर हात आपटला, कप सांडला, काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. मॅडम रडवेल्या झाल्या. "बरं, बरं. मी मधला मार्ग काढते." मला वाटलं, आली अक्कल.

तासाभराने त्या स्वतः वर आल्या आणि काकांच्या पुढ्यातल्या ट्रेवर टेप ठेवला. पाच तुकडे. दीडशे सेंटीमीटरचे तीस-तीसचे पाच तुकडे, कात्रीने सरळ कापलेले.

"आता गळ्याभोवती जाणारच नाही. वस्तूही त्यांचीच आहे. दोन्ही झालं," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच त्यांना वाटत होतं की झालं.

काकांनी एकेक तुकडा बोटाने सरकवत ओळीत लावला. तीसपुढे एकतीस, साठपुढे एकसष्ट. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं आणि बोट काम करत होतं. मी मॅडमना म्हटलं, "जा इथून. कृपा करून जा, नाहीतर माझा हात उठेल."

त्या गेल्या. काकांनी माझ्याकडे बघून अंगठा आणि बोट जुळवलं आणि हवेत पुढे टोचलं. मग ओढलं. पुन्हा टोचलं, पुन्हा ओढलं. पाच वर्षांचं पोरही ओळखेल ते.

मजल्यावर सुई न्यायला बंदी आहे. माझ्या पर्समध्ये असते, त्या गबाळ्या गणवेशाची शिवण उसवतेच सारखी. मी दार लोटलं, सुईत दोरा ओवला, दोन तुकडे एकावर एक टोकं चढवून धरले. काकांनी माझी बाही ढकलली. नाही. मी पुन्हा तसंच धरलं, पुन्हा ढकलली, आता रागाने. मग त्यांनी तीसवर बोट ठेवलं, एकतीसवर ठेवलं, आणि मधे माझा अंगठा होता त्यावर नख मारलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टोकावर टोक चढवलं तर जोडामागे एक सेंटीमीटर खाल्लं जातं. चार दिवसांचा उपाशी माणूस, पण माप चुकलेला टेप त्याला चालणार नव्हता.

टोकाला टोक भिडवायचं, तर खालून पट्टी हवी. कशाची? काकांनी माझ्या गणवेशाचा घेर उलटून दाखवला. आत चांगलं तीन बोटं कापड दुमडलेलं होतं.

"कापू म्हणता? कंपनीचं आहे हो काका."

खाली ओढलं. हो. म्हटलं, जळो ती कंपनी, आणि कापलं.

शनिवारी एक जोड झाला, रविवारी दोन. मी धरायचे, ते टोचायचे. उजव्या हाताचं जन्माचं काम डाव्या हाताने, मधेच बोटं थरथरायची, टाका वाकडा गेला की उसवायला लावायचे. बाहेर धाकटी एकटी सतरा खोल्या धावत होती आणि एका शब्दाने बोलली नाही. मी सूप पुढे केलं की नाही. दुकान अजून उघडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी चौथा जोड राहिला होता, आणि त्याच दिवशी अकरा वाजता ट्रेनिंगचा बारावा धडा. हा रेकॉर्ड केलेला नव्हता. गोडबाई स्वतः येणार, सगळ्या शाखांतले लोक जोडलेले, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती, हजर नसेल त्याला सर्टिफिकेट नाही. माझं पान म्हणे सगळ्यांत उत्कृष्ट, ते मी वाचून दाखवायचं होतं. मी टॅबलेट अकरा नंबरमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला आणि टेप धरून बसले. अकरा वाजून गेल्यावर काकांनी शेवटची गाठ मारली. दोरा मी दाताने तोडला. एक टोक मला धरायला लावून त्यांनी टेप ओढून बघितला, आकडे अंगठ्याखालून सरकवत पाहिले, आणि गळ्यात टाकला. मान आपोआप सरळ झाली. मी चहाला उठणार, तर टॅबलेट बोलला.

"आणि आता आपल्या ताई! पान वाचताय ना?"

पडद्यावर एकशे चाळीस चौकटी. मी पान वाचलं. सावकाश, शब्द न् शब्द. खाली ओढलं म्हणजे हो, ढकललं म्हणजे नाही. टेप गळ्यात, मग चहा. नऊ किलो. खांद्यांची गंमत आली तेव्हा किती तरी चौकटी हसल्या.

"सुंदर!" गोडबाई म्हणाल्या. "आता आपण सगळे ताईंना..."

"थांबा. शाबासकी नकोय," मी म्हटलं. "हे पान तुम्ही मागितलंत. मी लिहिलं. ते वाचून यांचा टेप काढून नेला, आणि मी भांडले तेव्हा पाच तुकडे करून परत दिला. सहा दिवस हा माणूस जेवलेला नाही. आज दुपारी नळी घालायला नेतायत. मी मूर्ख, तुम्हाला खरं सांगितलं. यांच्या गळ्यात आहे तो टेप यांनी स्वतः शिवलाय, आणि..."

माझा आवाज बंद झाला. पडद्यावर माईकवर रेघ आली. गोडबाईंनी केलं की कुणी वरच्याने, माहीत नाही. मी ओरडत होते आणि एकशे चाळीस माणसं माझं नुसतं तोंड हलताना बघत होती. मग मी टॅबलेट उचलला आणि काकांकडे वळवला.

जिन्यात पावलं वाजली. मॅडम धापा टाकत दारात.

"आधी तो कॅमेरा बंद करा. आणि टेप काढा ताई, मी हात जोडते. माझी नोकरी जाईल."

"माझी गेलीच आहे असं समजा. मी काढणार नाही. काढायचा असेल तर तुम्ही या, तुमच्या हाताने काढा. पुढून या, त्यांना दिसेल असं, पाचव्या धड्यात सांगितलंय तसं."

मॅडमनी टॅबलेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आल्या पुढून, आणि हात काकांच्या गळ्याकडे नेला. काकांनी तो येऊ दिला. अगदी जवळ आल्यावर त्यांच्या जाकिटाची बाही चिमटीत धरली. क्षणभर कापड चोळून बघितलं, सवयच ती. आणि मग ढकलली. जोर तो केवढा उरला असणार? पण हात पूर्ण सरळ होईपर्यंत ढकलली.

टॅबलेटमधून गोडबाईंचा आवाज आला. साखर औषधालाही नव्हती त्यात.

"मॅडम, ते नाही म्हणाले."

मॅडमचा हात तसाच हवेत राहिला. चेहरा पांढराफटक. धाकटी त्यांच्या मागे दारात उभी होती, तोंडावर हात ठेवून. मॅडमनी हात खाली घेतला आणि जाऊन भिंतीला टेकल्या, त्या बुजवलेल्या भोकाजवळ.

काका माझ्याकडे वळले. माझी बाही धरली आणि खाली ओढली. मला कळलं नाही असं वाटलं असावं, म्हणून अजून एकदा ओढली.

मी चहा आणायला गेले. दोन चमचे साखर, आणि चहा घट्ट करायची पूड, कारण पातळ गेलं की त्यांना ठसका लागतो. ते पानावर लिहायचं राहून गेलं होतं.